वाचकांचे प्रश्न : आधी गोळी, मग दारू

प्रश्न : माझा पुतण्या नोकरीनिमित्त नामिबियात असतो. तिथे शिकारीसाठी त्याने ९.३×६२ या मापाच्या काडतुसाची परवान्याची रायफल घेतली असून तिची काडतुसे तो आता स्वतः भरणार आहे. बंदुकीच्या पाच-सहा दारूंची नावे फोनवर वाचून दाखवून त्याने विचारले, "काका, यातली कोणती घेऊ?" माझी ओळख बाराबोरपुरती. गोळीही २३२, २५० आणि २८६ ग्रेन अशा वजनांत मिळते म्हणतो. निवड कशी करावी?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पुतण्याने दारूपासून सुरुवात केली आहे, ती गोळीपासून करावी. कोणत्या जनावरावर आणि किती अंतरावरून गोळी झाडायची हे ठरले की गोळीचे वजन व बांधणी ठरते, आणि त्या वजनाला साजेशी दारू त्यानंतर शोधायची असते. बर्लिनच्या ओटो बॉक याने १९०५ मध्ये हे काडतूस आफ्रिकेतील जर्मन वसाहतकऱ्यांसाठी तयार केले, तेव्हा साध्या माउझर रायफलीत बसणारे आणि मोठ्या जनावरालाही पुरेसे पडणारे काडतूस हवे होते. २८६ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेअठरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७२० मीटर वेगाने सोडणे हा त्याचा जुना आणि आजही उत्तम मेळ आहे. कुडू, ओरिक्स किंवा एलंड यांसारख्या मोठ्या हरणांसाठी मी याच वजनाकडे झुकेन. स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणासाठी आणि मोकळ्या माळावरच्या थोड्या लांब नेमासाठी २३२ ग्रेनची गोळी पुरेशी आहे.

बांधणीचा मुद्दा वजनाइतकाच महत्त्वाचा आहे. साधी, शिशाच्या गाभ्याची व मऊ टोकाची गोळी या काडतुसाच्या मध्यम वेगाला चांगली उमलते आणि स्वस्तही पडते. जाड हाडे फोडून आत जायचे असेल तर गाभा आवरणाला जोडलेली, किंवा नॉस्लर पार्टिशनप्रमाणे मधे आडवी भिंत असलेली गोळी घ्यावी, कारण तिचा पुढचा भाग उमलून झिजला तरी मागचा भाग अखंड राहून पुढे जातो. पूर्ण तांब्याच्या गोळ्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) अधिक जागा व्यापते, आणि नळीतील तिचे घर्षणही निराळे असते; म्हणून शिशाच्या गोळीसाठी छापलेले दारूचे माप तिला कधीही लावू नये.

आता दारू. धूरविरहित दारूंचा जळण्याचा वेग वेगवेगळा असतो आणि योग्य वेग कोणता हे पुंगळीचे आकारमान, नळीचा व्यास आणि गोळीचे वजन या तिघांवर अवलंबून असते. ९.३×६२ ची पुंगळी .३०-०६ या प्रसिद्ध अमेरिकी काडतुसापेक्षा थोडीच मोठी आहे, पण नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. गोळी एक सेंटिमीटर पुढे सरकली की मागे वायूसाठी तितकी अधिक जागा मोकळी होते आणि दाब लवकर उतरू लागतो. म्हणून .३०-०६ मध्ये जड गोळीमागे शोभणारी एच ४३५० सारखी मंद दारू येथे पुंगळी भरूनही पूर्ण वेग देत नाही. व्हार्गेट, एच ४८९५, रीलोडर १५ आणि व्हिटाव्हुओरी एन १४० या मध्यम वेगाच्या दारू या पुंगळीला जुळतात. पुतण्याच्या यादीत यांपैकी जी असेल आणि तेथील दुकानात वर्षभर मिळेल, ती घ्यावी. शेवटच्या दहा-पंधरा मीटर वेगासाठी दुर्मिळ डबा शोधत बसण्यात अर्थ नाही.

नावांच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावे. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ या दोन निराळ्या दारू आहेत, तसेच एच ४३५० आणि आयएमआर ४३५०. आकडा एक असला तरी एकीचे माप दुसरीला चालत नाही. ज्या कंपनीची दारू, तिच्याच माहितीपुस्तकातले, त्याच गोळीसाठी दिलेले माप घ्यावे, कमाल मापाच्या साधारण दहा टक्के खालून सुरुवात करावी आणि थोडेथोडे वर जावे. मी या सदरात कोणतेही माप छापत नाही ते याच कारणाने. मापाच्या फार खाली जाणेही धोक्याचे आहे, विशेषतः मंद दारूत. हलकी काडतुसे हवी असतील तर एच ४८९५ साठी उत्पादकानेच कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरण्याची मुभा दिलेली आहे, ती सवलत इतर दारूंना परस्पर देऊ नये.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे उन्हात उभ्या जीपमध्ये हात लाववत नाही, तशीच नामिबियातही ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाडी तापते. तिथला जुलै हा थंडीचा महिना. त्या गार सकाळी कमाल मर्यादेला टेकवलेले काडतूस गाडीच्या काचेखाली तापल्यावर ती मर्यादा ओलांडू शकते, कारण दारू गरम झाली की दाब वाढतो. व्हार्गेट व एच ४८९५ यांत हा फरक तुलनेने कमी पडतो, आणि माझी पसंती त्यांना आहे ती प्रामुख्याने यासाठी. बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) उचलताना जड जाणे, प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी) चपटा होणे ही दाबाची लक्षणे खरी, पण ती दिसतात तेव्हा दाब बहुधा आधीच जास्त झालेला असतो. वेगमापक यंत्र विकत घ्यावे आणि पुस्तकात दिलेल्या वेगापेक्षा आपला वेग जास्त दिसू लागला की तिथेच थांबावे.

प्रश्न : आमच्या घरी निजामाच्या काळापासूनची .३७५ मॅग्नम रायफल आहे. परवाना आता माझ्या नावावर आहे. सोबत जुनी विलायती काडतुसे आणि बऱ्याच रिकाम्या पुंगळ्या आहेत. त्या मला घरी भरता येतील का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : नाही. आपला परवाना शस्त्र व काडतुसे बाळगण्याचा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार काडतुसे तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि आपण स्वतःपुरतीच भरतो हा युक्तिवाद त्यापुढे टिकणारा नाही.

जुन्या काडतुसांविषयी थोडे सांगतो, कारण विषय वरच्या उत्तराला लागून आहे. इंग्लंडच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये आणलेल्या या काडतुसाची पुंगळी लांब व निमुळती आहे, कारण त्या काळी त्यात कॉर्डाइट भरत. ही नायट्रोग्लिसरिनयुक्त, दोऱ्यांच्या जुडीसारखी दिसणारी दारू उष्णतेने फार बिथरते. विलायतेत ठीक चालणारी काडतुसे हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात पुंगळी अडकवू लागली आणि उष्ण प्रदेशांसाठी मुद्दाम कमी दाबाची काडतुसे भरावी लागली. इतक्या वर्षांनी, माळ्यावरच्या पेटीत अनेक उन्हाळे काढलेली ही काडतुसे झाडून पाहू नयेत. ती पोलीस ठाण्याला लेखी कळवून अधिकृत विक्रेत्याकडे अथवा ठाण्यात जमा करावीत आणि पोच घ्यावी. पूर्वी अशी काडतुसे झाडलेली असल्यास नळी मात्र आवर्जून तपासून घ्या. जुन्या प्रायमरचे क्षार ओल धरतात व नळी आतून खातात. ते नुसत्या तेलाने जात नाहीत, आधी गरम पाण्याने धुवावे लागतात.

प्रश्न : रानडुकरे ज्वारी लोळवतात. .३१५ रायफलच्या गोळीचे टोक कापून फुलीची खाच पाडली तर मार वाढतो, असे गावात सांगतात. खरे आहे का?
— एक शेतकरी वाचक, जिंतूर

उत्तर : असे अजिबात करू नये. आवरण पुढून उघडे पडले आणि मागूनही उघडे असले, तर शिशाचा गाभा एकटाच बाहेर फेकला जाऊन आवरण नळीत अडकू शकते, आणि पुढच्या बाराला नळी फुटते. शिवाय खाचेमुळे गोळीचा तोल जातो, नेम चुकतो आणि जखमी डुक्कर पिकात दबून बसते, जे माणसाला अधिक घातक. कारखान्यातून येणारी मऊ टोकाची जड गोळी डुकरासाठी पुरेशी आहे. ती खांद्यामागे लागली पाहिजे, एवढेच. मात्र परवान्याची रायफल हातात असणे म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली वन विभागाचा लेखी आदेश आधी मिळवा, आणि तो मिळाल्यावरही उभ्या ज्वारीच्या पलीकडे बांध किंवा टेकाड नसेल तर बार काढू नका, कारण रात्री पाण्याच्या पाळीला गेलेला शेजारी त्याच रेषेत असू शकतो.