ठाणे कारागृहातल्या माणसाला जामीनदार मिळत नसेल तर मदत कुठे मागायची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मोठा भाऊ ठाणे मध्यवर्ती कारागृहात आहे. जामीन मंजूर होऊन तीन आठवडे झाले, पण जामीनदार मिळत नाही. वकील फोन उचलत नाही. तळोज्याच्या तुरुंगात हलवतील अशी धास्ती आहे. कैद्यांसाठी काम करणारी एखादी संस्था हवी आहे, आणि हे निभावलं की अशा कामात स्वतःही हातभार लावायचा आहे.

मी वकील नाही. कोर्ट नाक्याजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. प्रतिज्ञापत्रं, जामिनाचे अर्ज, वकालतनामे असं रोजचं काम. आणि एवढं असून माझा सख्खा भाचा जामीन मिळाल्यावरही एकेचाळीस दिवस आत राहिला. म्हणून लिहितोय.

भाचा दिव्याला राहायचा, टेम्पोवर हेल्पर होता. गोदामातल्या चोरीत नाव आलं. जामीन झाला पंधरा हजारांचा, एक सॉल्व्हंट, म्हणजे ऐपतीचा पुरावा असलेला, जामीनदार. ताईचं रेशनकार्ड गावचं, पारनेरचं. दिव्यातली खोली भाड्याची. गावाहून चुलतभावाला बोलावलं, तो सातबारा घेऊन रात्रीच्या एसटीने आला, आणि बाहेरगावचा जामीनदार चालणार नाही म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत गेला. वकिलाने तीस हजार आधीच घेतले होते. ‘बघतो, बघतो’ करत त्याने तीन तारखा घालवल्या. कोर्टाबाहेर एकजण आला, म्हणाला, सात हजार द्या, जामीनदार मी उभा करतो. ताई तयार झाली होती. मी नको म्हटलं, तर चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

तुम्हालाही असा माणूस भेटेल, किंवा भेटलाही असेल. भाड्याचा जामीनदार म्हणजे बहुतेक वेळा खोटं रेशनकार्ड. पकडला गेला तर जामीन रद्द, आणि वर फसवणुकीचा नवा गुन्हा. त्या वाटेला जाऊ नका.

आता संस्थांचं. पहिलं दार एनजीओचं नाही, सरकारी आहे, आणि कोर्टाच्या आवारातच आहे: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. लोक समजतात तिथे फक्त लोकअदालत भरते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातलं १२ वं कलम सांगतं की कोठडीत असलेल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही. तिथेच आता ‘लोक अभिरक्षक’ कार्यालय असतं. फौजदारी प्रकरणात आरोपीच्या बाजूने उभे राहणारे हे पगारी वकील. जाताना केस नंबर, कोर्टाचं नाव, जामिनाच्या आदेशाची प्रत आणि भावाचा बंदी क्रमांक न्या. आधीच्या वकिलाची ‘ना हरकत’ मागतील. तो देत नसेल तर कधीपासून फोन उचलत नाही ते अर्जातच लिहा. वकालतनाम्यावर भावाची सही तुरुंगातून शिक्क्यासह येते, त्यात दोन-चार दिवस जातात. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर १५१०० हा त्यांचा टोल-फ्री नंबर आहे.

तिथे गेल्यावर ‘मदत करा’ एवढंच म्हणू नका. नेमकं काय मागायचं ते ठरवून जा. सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश तुमच्यासारख्यांसाठीच आहे. जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून अडचण शोधायची. गरिबीमुळे अडलं असेल तर घरची परिस्थिती लिहून अट शिथिल करण्यासाठी कोर्टापुढे ठेवायची. महिना उलटला तर कोर्ट स्वतःहूनही अट बदलण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे, आणि अशा ठिकाणी ती अट लादू नये, हेही त्यात आहे. तुमचे तीन आठवडे झालेत. म्हणजे कळवण्याची वेळ कधीच येऊन गेली.

आणि हा मुद्दा आजचा नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दहा हजारांचा जामीन, भाऊ जामीनदार म्हणून उभा राहिला, तर मॅजिस्ट्रेट म्हणाला, भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला, मालमत्ताही तिकडची, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर चांगलंच सुनावलं आणि मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडलं. पारनेरहून आलेला आमचा चुलतभाऊ एसटीत बसत होता, तेव्हा या निकालाला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. मला तो माहीत नव्हता. माझ्या दुकानात रोज वीस वकील येतात.

आमचं अडलेलं सुटलं ते आतून. तुरुंगात येणाऱ्या एका समाजकार्यकर्तीने भाच्याला बराकीबाहेर बोलावून नुसतं विचारलं, ‘जामीन झालाय ना, मग अजून इथे का?’ त्याला धड सांगताही आलं नाही. तिने कागद काढले, ताईला फोन केला, प्राधिकरणाच्या वकिलाकडून जामीनदाराऐवजी तात्पुरता रोख जामीन मागणारा अर्ज टाकला. तो अर्ज टाइप करायला माझ्याच दुकानात आला. दहा हजार रोख भरले, जामीनदार आणायला चार आठवडे मिळाले आणि पोरगा बाहेर आला. तुमच्या भावासाठीही हेच मागता येईल: आधी जातमुचलका, नाहीतर तात्पुरता रोख जामीन. तुमच्या वकिलाने हे सुचवलं नसेल तर त्याला विचाराच.

अशा समाजकार्यकर्त्या जिथून येतात त्या कामाचं सगळ्यात जुनं नाव इकडे ‘प्रयास’. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा हा प्रकल्प १९९० पासून चालू आहे. त्यांची माणसं तुरुंगात, कोर्टात, पोलीस ठाण्यात बसतात. घरच्यांशी तुटलेला संपर्क जोडणं, वकील मिळवून देणं, सुटल्यावर काम शिकवणं ही त्यांची कामं, विशेषतः बायकांसाठी आणि तरुण मुलांसाठी. पैसे वाटणारी संस्था म्हणून जाऊ नका, तसं ते नाही. आतल्या माणसालाही त्यांना भेटता येतं. पुढच्या मुलाकतीत, म्हणजे तुरुंगातल्या भेटीत, भावाला सांगा, तुरुंगाच्या कार्यालयात ‘सोशल वर्करला भेटायचंय’ असा तोंडी नाही, लेखी अर्ज दे. कित्येक पोरं लाजून किंवा हवालदाराला घाबरून बोलतच नाहीत.

पैशाचंच अडलं असेल तर केंद्राची २०२३ पासूनची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. सुरू झाली तेव्हा न्यायबंद्याच्या (खटला अजून चालू असलेल्या कैद्याच्या) जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षाबंद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत सरकार भरेल असं ठरलं. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा), मनी लाँडरिंग अशा गुन्ह्यांना ती लागू नाही. अर्ज तुरुंग आणि प्राधिकरण यांच्यामार्फतच जातो, त्यामुळे परत त्याच दाराशी यावं लागतं.

जामीनच झालेला नसता तर मी वेगळं सांगितलं असतं, आणि हे वाचणाऱ्यांत तसेही कुणी असतील. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९: पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचं, बाकीच्यांना निम्मा काळ झाल्यावर जामिनावर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त खटले असलेले यात येत नाहीत. मुदत भरली की तुरुंग अधीक्षकानेच कोर्टाला लेखी कळवायचं आहे. कायदा १ जुलै २०२४ ला आला तरी जुन्या केसेसनाही हे लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. घरच्यांनी कॅलेंडरवर दिवस मोजावेत. तुरुंगात हजारो माणसं असतात, तिथे एकेकाची तारीख लक्षात राहील या भरवशावर बसू नये.

आकडा सांगतो म्हणजे अंदाज येईल. ठाण्याच्या तुरुंगाची मंजूर क्षमता १,१०५. आत त्याच्या कितीतरी पट माणसं कोंबलेली असतात. देशभरचं चित्रही तेच, २०२२ च्या सरकारी आकडेवारीत ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायबंदी, म्हणजे चारातले तीन अजून दोषीच ठरलेले नाहीत. मुलाकतीच्या रांगेत उभे राहाल तेव्हा समोरची भिंत नीट बघा. तो पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आहे. सात वर्षांत मराठ्यांनी तो घेतला. इंग्रजांनी पुढे त्याचा तुरुंग केला, १८४८ मध्ये राघोजी भांगरे यांना इथे फाशी दिलं आणि १९१० मध्ये अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना. ताई त्या भिंतीला टेकून डबा खायची. डबा आत देऊ देत नाहीत हे पहिल्या दिवशी कळलं, म्हणून तीच खायची, रडत रडत.

तळोज्याची धास्ती घेऊ नका, पण तयारी ठेवा. गर्दी झाली की बदली होते. नाव तळोजा असलं तरी तुरुंग खारघरच्या टोकाला आहे. तळोजा एमआयडीसीत शोधत गेलात तर दिवस फुकट जाईल. जागा पनवेल तालुक्यात, म्हणजे जिल्हा रायगड. त्यामुळे काहीजण ठाण्याच्या कार्यालयातून ‘तुमचा कैदी आमच्याकडे नाही’ ऐकून परत येतात. केस ठाण्याच्या कोर्टात आहे ना, मग वकील ठाण्याच्याच प्राधिकरणाचा, हे ठामपणे सांगा. भेटीसाठी दर वेळी जाणं जमत नसेल तर ई-मुलाकत आहे, ई-प्रिझन्सच्या सरकारी वेबसाइटवर नाव नोंदवून व्हिडिओवर बोलता येतं. प्रत्यक्ष जाल तेव्हा आधार कार्डाची मूळ प्रत ठेवा. बोलणं काचेपलीकडून, आणि वेळ अगदी थोडा. काय विचारायचं ते कागदावर लिहून न्या, नाहीतर ‘जेवलास का’ यातच वेळ संपते. आमच्या पहिल्या दोन मुलाकती अशाच गेल्या.

कुणाची बहीण किंवा बायको आत असेल तर एक माहीत असू द्या: सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, आणि त्याचं खाणंपिणं, औषधपाणी, शिकणं ही तुरुंगाची जबाबदारी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बजावलंय.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, हातभाराचा. सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे प्राधिकरणाचा विधी स्वयंसेवक होणं. वकिली लागत नाही, ते प्रशिक्षण देतात. तुरुंगात जाऊन कोण का अडकलंय ते विचारायचं, घरच्यांना फोन करायचा, कागद गोळा करायचे. मोठ्या अंगाने समजून घ्यायचं असेल तर न्यायमूर्ती मुल्ला समितीचा १९८३ चा अहवाल आणि २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली चाळा, आणि दिल्लीची कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह ही संस्था तुरुंगांवर काय काढते ते वाचत राहा. तुरुंगातली कामं जातीवरून वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द केले, ते प्रकरण सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या बातमीदारीतून उभं राहिलं होतं. आणि आपल्याकडे हे सगळं अगदी नवीन आहे असंही नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, कैद्यांना भिंतीशिवाय, घरच्यांसोबत शेती करत ठेवणारी वसाहत. अजून आहे. पण हे सगळं नंतर. आधी भाऊ.

सोमवारी प्राधिकरणात जा, सकाळीच. अर्ज मंजूर होऊन रिलीज ऑर्डर निघाली की ती त्याच दिवशी तुरुंगात पोचतेय ना हे वकिलाला विचारत राहा, संध्याकाळची बंदी झाली की सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. आणि सुटताना गेटवर कुणीतरी उभं राहा. भाचा बाहेर आला तेव्हा अंधार पडला होता, खिशात फोन नाही, पैसे नाहीत, चप्पल दुसऱ्याचीच. मी अर्धा तास आधी पोचलो होतो, तरी त्याने मला ओळखलं नाही, सरळ स्टेशनच्या दिशेने चालायला लागला. हाक मारावी लागली.