वाचक विचारतात : टॉवर समोर, तरी रेंज का नाही?

प्रश्न : आमच्या वाडीजवळ बीएसएनएलचा फोर-जी टॉवर सुरू झाला. शेजाऱ्यांच्या फोनवर फोर-जी येतं. माझा फोन २०१८ सालचा, तोही फोर-जीचाच. पण त्यावर नुसता 'ई' दिसतो आणि नेट हलत नाही. बिघाड फोनचा की सिमचा?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : 'ई' म्हणजे टू-जीचं संथ नेट. बहुधा फोन आणि टॉवर दोन्ही धड आहेत, त्यांची गाठच पडत नाही. प्रत्येक कंपनी आपलं फोर-जी ठरावीक बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या ठरावीक पट्ट्यावर, सोडते आणि तो बँड फोनला ऐकू यावा लागतो. जिओचे बँड ५, ३ आणि ४०. एअरटेल व व्हीआयचे मुख्यतः ८, ३ आणि १. शिवाय एअरटेलचा ४० आणि व्हीआयचा ४१. सर्कलप्रमाणे, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागाप्रमाणे, यात थोडं कमीजास्त होतं. बीएसएनएलचा मात्र मोठा भर बँड २८ वर, म्हणजे ७०० मेगाहर्ट्‌झवर आहे. जोडीला बँड १. पूर्वी आपल्याकडे फोर-जीसाठी बँड २८ कोणी वापरत नव्हतं, म्हणून त्या काळात इथे विकलेल्या बऱ्याच फोनमध्ये तो घातलेलाच नाही. अशा फोनला टॉवर परसात उभा असला तरी त्याचं ७०० वरचं फोर-जी दिसणार नाही.

७०० मेगाहर्ट्‌झ निवडण्यामागे कारण आहे. वारंवारिता जितकी कमी, तितकी लहर लांब जाते आणि झाडोरा, चिऱ्याची भिंत यांतून जाताना कमी अडते. आंब्या-काजूच्या बागांआड पसरलेल्या वाड्यांना हाच बँड सोयीचा. २३०० किंवा २५०० मेगाहर्ट्‌झची लहर वेग जास्त देते, पण माजघरापर्यंत पोचेपर्यंत तिचा दम जातो. खळ्यात चार दांड्या आणि आत एकही नाही, याचं कारण बहुतेकदा हेच.

आधी अदलाबदल करून पाहा. तुमचं सिम शेजाऱ्यांच्या फोनमध्ये घाला. तिथे फोर-जी आलं, तर सिम बरोबर आणि अडचण तुमच्या फोनची. नाही आलं, तर सिम टू-जी किंवा थ्री-जीच्या काळातलं असणार. ते बीएसएनएलच्या केंद्रात आधार दाखवून फोर-जीचं करून घ्या. सिम बरोबर निघालं, तर फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार 'फोर-जी ऑटो' आहे ना, ते बघा. जुन्या दोन सिमच्या काही फोनमध्ये एकाच खाचेत फोर-जी चालतं, तेव्हा सिम दुसऱ्या खाचेत घालूनही बघा. एवढं करून 'ई'च राहिला, तर फोनच्या खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावर बँडची यादी वाचा. क्रमांक अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. एकाच नावाचा फोन भारतात, आखातात आणि अमेरिकेत वेगवेगळ्या बँडचा असतो, नुसत्या नावावर जाऊ नका.

यादीत २८ नसेल तर दुरुस्तीवाला काही करू शकत नाही; बँड सॉफ्टवेअरने वाढत नाहीत. नवा फोन घेताना यादीत १, ३, ५, ८, २८, ४० आणि ४१ एवढे सगळे असले की कुठलंही सिम चालेल. फाइव्ह-जीची यादी वेगळी असते : बँड २८ असला म्हणून एन२८, म्हणजे फाइव्ह-जीचा बँड २८, असेलच असं नाही. गावाकडे जिओच्या फाइव्ह-जीसाठी एन७८ सोबत एन२८ असलेला बरा. जिओचं फाइव्ह-जी स्वतंत्र पद्धतीचं, म्हणजे फोर-जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे, त्यामुळे फोनला 'एसए' (स्टँडअलोन) चालतं का, हेही विचारा. दुकानदाराला हे प्रश्न नवीन वाटतात. त्याच्याकडून उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका.

प्रश्न : आईसाठी बटणांचा फोन हवा आहे. जिओफोन घेऊन त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम घालता येईल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नाही. जिओफोन जिओच्या सिमपुरताच बांधलेला असतो. उलट बाजूने, जुना टू-जीचा बटणांचा फोन जिओवर चालत नाही, कारण जिओकडे टू-जी नाही आणि तिचे सगळे कॉल फोर-जीवरूनच जातात. एअरटेल, व्हीआय व बीएसएनएलवर मात्र असा फोन बोलण्यापुरता चालतो. कुठलंही सिम बदलता यावं असं वाटत असेल, तर फोर-जी आणि व्होल्टे (फोर-जीवरून बोलण्याची सोय) असलेला, कंपनीला न बांधलेला बटणांचा फोन घ्या.

प्रश्न : भाऊ दुबईहून आयफोन १७ आणतोय. त्यात सिमची खाचच नाही म्हणतात. गावी चालेल का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : खरं आहे, आखातात विकला जाणारा आयफोन १७ फक्त ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या सिमवर चालतो. तरीही तो इथे चालेल. आधी सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट उघडा आणि 'कॅरियर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलंय का पाहा. तसं नसेल, तर कुलूप ज्या कंपनीचं तिच्याकडूनच ते काढून घ्या, आणि तेही भाऊ तिथे असतानाच. ई-सिम बसवताना इंटरनेट लागतं. घरी वायफाय नसेल तर दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट लावा. ई-सिम सुरू झालं की जुनं सिम बंद पडतं. शिवाय सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस थांबवलेले असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. वीजबिल, तिकीट वगैरे आदल्या दिवशीच उरका.

प्रश्न : मुंबईचा नंबर आहे, पण आता कायमचा वेंगुर्ल्याला आलोय. घरात दुसऱ्या कंपनीची रेंज चांगली वाटते. पोर्ट कसं करायचं?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : 'वाटते' यावर पोर्ट करू नका. त्या कंपनीचं एक सिम दुसऱ्या खाचेत घालून आठवडाभर माजघरात, विहिरीजवळ आणि पावसात वापरून बघा. मग PORT हा शब्द इंग्रजीत, एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. मिळणारा कोड ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पुरे झालेले हवेत, बिल थकलेलं नको आणि नुकतंच सिम बदललं असेल तर ७ दिवस थांबावं लागतं. मुंबई हे वेगळं सर्कल आणि सिंधुदुर्ग महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, त्यामुळे ३ ऐवजी ५ कामाचे दिवस धरा. कोड घेऊन वेंगुर्ल्याच्याच दुकानात जा, म्हणजे नंबर इकडच्या सर्कलमध्ये येईल. जुनं सिम बंद पडेपर्यंत फेकू नका. मधल्या दिवसांत कॉल त्याच्यावरच येतात.