कुत्रा चावला की पहिला दवाखाना म्हणजे घरातला नळ

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की रेबीज झाल्यावर त्याला औषध नाही पण तो होऊ न देणं जवळजवळ पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचा सगळा कॉलम रेबीजलाच देतेय. बरेच प्रश्न सारखे होते म्हणून एकत्र केलेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला गल्लीतल्या कुत्रीच्या पिल्लाने पोटरीला ओरबाडलं. तो म्हणतो दात लागला, पण रक्त नाही आलं, नुसती लाल रेघ आहे. पिल्लू दोन-अडीच महिन्यांचंच आहे. सासूबाईंनी हळद-चुना लावला. आज चार दिवस झाले. पिल्लू खेळतंय. इंजेक्शन घ्यायचं का? (सातारा)

ताई, तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, इथे बाकीच्यांसाठी लिहिते. हो, घ्यायचंच. चार दिवस झाले म्हणून आता काय उपयोग असं अजिबात नाही, उशीर झाला असेल तर अजून उशीर करायचा नाही एवढाच त्याचा अर्थ. पिल्लू लहान आहे म्हणून सुरक्षित हा समज फार वाईट आहे, कारण पिल्लालाही रेबीज होतो आणि पिल्लांना आपण जास्त जवळ घेतो, त्यांचं ओरबाडणं मनावरही घेत नाही.

रक्त न येता नुसतं खरचटलं तर लस पुरते. रक्त आलं, दात कातडीच्या आत गेला, किंवा कुत्र्याने उघड्या जखमेला, डोळ्याला, ओठाला चाटलं तर लसही आणि जखमेत सीरमही, म्हणजे विषाणूला तिथल्या तिथे पकडणारं वेगळं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात लस बहुतेक कातडीत देतात, 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 आणि 28 या दिवशी, दोन्ही दंडांवर थोडी थोडी. खासगीत सहसा स्नायूत देतात, 0, 3, 7, 14, 28 अशी पाच. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. फुकटची म्हणजे हलकी असं काही नाही, मी स्वतः कातडीतलीच घेतलेली आहे. फक्त ढुंगणावर कुणी देत असेल तर थांबवा, तिथे चरबीमुळे लस नीट लागू पडत नाही.

पिल्लावर नजर ठेवा. चावल्यापासून 10 दिवस कुत्रा किंवा मांजर ठणठणीत राहिलं तर त्याच्या लाळेत त्या दिवशी विषाणू नव्हता असं धरतात आणि मग पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतात. पण आधी 10 दिवस वाट बघू, मग इंजेक्शन, हे उलटं करायचं नाही. सुरुवात त्याच दिवशी.

आणि हळद-चुन्याचं. सासूबाईंना दोष देऊ नका, माझ्या आजीनेही मिरचीची पूड भरली असती. पण या विषाणूच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबण ते आवरण फोडतो, म्हणून वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं जखम धुणं हे खरोखरचं औषध आहे. 15 मिनिटं म्हणजे घड्याळ लावून, कारण आपल्याला दोन मिनिटांतच खूप झालं असं वाटतं. मग बीटाडीन असेल तर लावा. चुना, मिरची, तेल, डिझेल यातलं काहीही विषाणूला मारत नाही, जखम मात्र चिडवतं आणि धुवायचा वेळ खाऊन टाकतं.

प्रश्न : लस घेऊनही माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. मग लस घ्यायची तरी कशाला? (नाशिक, पुणे, हुबळी आणि आणखी बऱ्याच ठिकाणांहून)

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. तो चाव्याच्या जागी स्नायूत थोडा वाढतो, मग जवळच्या नसेत शिरतो आणि नसेच्या आतून, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अशा चालीने मेंदूकडे सरकत राहतो. एकदा नसेत शिरला की शरीराच्या पोलिसांना तो जवळपास दिसतच नाही. पायाला चावा असेल तर त्याला लांब जायचंय, सहसा एक ते तीन महिने लागतात, कधी वर्षही. चेहऱ्याला, मानेला, बोटांच्या टोकांना चावला असेल तर एक तर रस्ता छोटा किंवा नसा दाट, त्यामुळे वेळ फार कमी. लहान मुलांची उंचीच कुत्र्याच्या तोंडाएवढी, त्यामुळे त्यांना चावे तोंडावर, डोक्यावर बसतात.

आता लसीचं बघा. लस म्हणजे शरीराला शिकवणी, त्यातून प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला पकडणारी शरीराची हत्यारं, तयार व्हायला साधारण 7 ते 14 दिवस जातात. ते दिवस भरून कोण काढणार? सीरम. सीरममध्ये तयार प्रतिपिंडं असतात, ती थेट जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचतात, म्हणजे विषाणू नसेत शिरायच्या आतच तिथल्या तिथे पकडला जातो. लस घेऊन दगावलेल्यांची माहिती नीट काढली तर बहुतेक वेळा यातलं काहीतरी सापडतं : जखम धुतलीच नाही, सीरम दिलंच नाही किंवा दंडात दिलं आणि जखमेत नाही, सीरमच्या आधीच टाके घातले, डोस अर्धवट सोडले, किंवा आले तेव्हाच आठवडा उलटलेला.

याचा पुरावा जुना आहे. 1954 मध्ये इराणमधल्या एका गावात पिसाळलेला लांडगा शिरला आणि एका रात्रीत 29 जणांना चावला. डोक्याला जखमा असलेल्यांपैकी पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यातले तिघे गेले. ज्यांना लसीबरोबर सीरम मिळालं त्यांच्यातला एकच गेला. तेव्हापासून सगळ्या जगाला माहितीये की मोठ्या चाव्याला नुसती लस पुरत नाही, आणि तरी आज आपल्याकडे सीरमशिवाय घरी पाठवलेली माणसं मी बघते याचा मला फार त्रास होतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या गालाचा चावा आधी एका दवाखान्यात सुंदर टाके घालून बंद केला होता आणि मग तीन दिवसांनी आमच्याकडे पाठवला होता. ते टाके सोडवून आत सीरम भरताना आई विचारत होती की चेहऱ्यावर व्रण राहील का. राहिलाय, आता तो दहावीला आहे.

म्हणून रक्ताचा चावा असेल तर दवाखान्यात तुम्हीच विचारा, सीरम देणार ना, जखमेत देणार ना. लाजू नका. घोड्यापासूनचं सीरम वजनाच्या किलोमागे 40 युनिट, माणसापासूनचं 20. शिवाय 2017 पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशील्ड आहे, ते ना घोड्यापासूनचं ना माणसापासूनचं, कारखान्यात बनवलेलं एकाच जातीचं प्रतिपिंड. पहिल्या लसीबरोबर सीरम राहून गेलं असेल तर त्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर उपयोग नाही कारण तोवर शरीर स्वतःच कामाला लागलेलं असतं.

गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारं माणूस, कुणालाही चालतं. रेबीजच्या लसीला कुणालाच नाही म्हणत नाहीत.

प्रश्न : आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनं द्यायचे. ती कुठे गेली? भीतीनेच आम्ही चावलेलं घरी सांगायचो नाही. (अकोला)

दादा, तुमच्या पिढीतल्या किती जणांनी हेच सांगितलंय मला. त्या चौदा सुयांच्या भीतीनेही माणसं मेली असणार.

गोष्ट पाश्चरपासून सुरू होते. 6 जुलै 1885 ला पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई घेऊन आली, दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला बऱ्याच ठिकाणी फाडलं होतं. पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते, सुई दुसऱ्याने टोचली. रेबीज झालेल्या सशांचे मज्जारज्जू कोरड्या हवेत सुकवायचे, जितके दिवस जास्त तितका विषाणू मरगळलेला, आणि सगळ्यात जुन्यापासून सुरू करून रोज थोडा ताजा द्यायचा. दहा दिवसांत 13 टोचण्या. मुलगा वाचला आणि मोठेपणी त्याच पाश्चर संस्थेत रखवालदार झाला. रेबीजचा विषाणू इतका बारीक की पाश्चरना तो कधी दिसलाही नाही, पण चावा आणि आजार यांच्यामध्ये वेळ असतो आणि त्या वेळात आपण पुढे जाऊ शकतो हे त्यांनी ओळखलं. आजही उपचार त्याच फटीवर उभा आहे.

भारतात 1900 साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, मग 1907 ला कुन्नूरला. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी 1911 च्या सुमारास मेंढीच्या मेंदूत वाढवलेला विषाणू कार्बोलिक आम्लाने मारून लस केली, तीच तुमची पोटातली. आपल्या परळच्या हाफकिनमध्येही ती बनायची. डोस मोठा असायचा म्हणून पोटाच्या कातडीखाली, तिथे जागा जास्त. पण तिच्यात मेंदूचा अंश असायचा, त्यामुळे काही जणांचं शरीर स्वतःच्याच नसांवर उलटायचं आणि लकवा व्हायचा, थोडे त्यातच जायचे. पेशींवर वाढवलेल्या नव्या लसी 1970 च्या दशकातच हाताशी आल्या होत्या, तरी आपल्याकडे मेंढीच्या मेंदूची लस बंद व्हायला 2004 संपत आलं. आताची सुई दंडावर, बारीक, टोचल्यावर मुलं चॉकलेट खात घरी जातात. घरच्या मुलांना हे सांगून ठेवा, म्हणजे ती चावलेलं लपवणार नाहीत.

प्रश्न : गावातली म्हैस पिसाळून मेली. तिच्या दुधाचं ताक आम्ही तेराव्याच्या पंगतीत प्यायलो, आता अख्खं गाव इंजेक्शनला चाललंय. (लातूर)

उकळलेल्या दुधातून, चहातून, तापवून विरजण लावलेल्या ताकातून रेबीज होत नाही. पिसाळलेल्या जनावराचं कच्चं दूध कुणी पिऊ नये, पण त्यानेही माणसाला रेबीज झाल्याची सिद्ध झालेली केस जगात नाही. म्हशीच्या तोंडात हात घालून घास अडकलाय का बघितलं असेल, नाळाने औषध पाजलं असेल, लाळ हाताच्या जखमेला लागली असेल, त्या लोकांनी मात्र आजच जायला हवं. पिसाळायला लागलेली म्हैस गिळू शकत नाही, मालकाला वाटतं घशात काहीतरी अडकलंय आणि तो हात घालतो. तुमच्या गावात रांगेत पहिला तो उभा राहिला पाहिजे.

घरातला उंदीर चावल्याबद्दलही विचारलंय काहींनी. त्याला रेबीजची लस सहसा लागत नाही. माकड, मुंगूस, कोल्हा चावला तर लागते.

प्रश्न : माणूस पाण्याला का घाबरतो? आणि एकदा झालं की खरंच कुणीच वाचत नाही का? (ठाणे)

विषाणू मेंदूत पोचला की गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू नुसत्या पाण्याच्या विचारानेही जोरात आकडतात, पंख्याच्या वाऱ्यानेही आकडतात. विषाणू तोवर लाळेत उतरलेला असतो, ती गिळता न आल्यामुळे बाहेर येते, आणि याच वाटेने त्याला पुढचं शरीर मिळतं. सुश्रुतसंहितेतही जलत्रास आहे, आणि पाण्याला घाबरायला लागलेला रोगी वाचत नाही असं तेव्हाच लिहून ठेवलंय. काही जणांना असलं काहीच होत नाही, नुसता पायाकडून वर लकवा चढतो, म्हणून निदान चुकतं.

2004 मध्ये अमेरिकेत वटवाघूळ चावलेली एक मुलगी लस न घेता, कोमात ठेवून वाचली. तोच उपचार नंतर पुष्कळ जणांवर केला, बहुतेक सगळे गेले. मी शिकत असताना संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात एक गवंडी होता, पूर्ण शुद्धीवर, तहानेने व्याकुळ, आणि पाण्याचा पेला तोंडाशी नेला की घसा आवळायचा. त्याने मला विचारलं होतं की इंजेक्शन आता दिलं तर चालेल का. चावलं होतं दोन महिन्यांपूर्वी.

प्रश्न : आमच्या सोसायटीत भटक्या कुत्र्यांवरून दोन गट पडलेत. एक म्हणतो सगळी उचला, दुसरा म्हणतो हात लावू नका. पूर्वी एवढी कुत्री कुठे होती? (पिंपरी)

पूर्वी गिधाडं होती. जनावरांना दुखण्यावर देत त्या डायक्लोफेनॅक औषधामुळे, मेलेल्या ढोरांच्या मांसातून ते पोटात जाऊन, 1990 च्या दशकात ती जवळपास संपली, मेलेली ढोरं उघड्यावर पडून राहिली आणि ती खायला कुत्री वाढली. 2008 मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की 1992 ते 2006 मध्ये यामुळे देशात 47 हजारांहून जास्त माणसं जादा रेबीजने गेली. 2006 ला ते औषध जनावरांसाठी बंद झालं पण गिधाडं परत यायला फार वर्षं लागतील. सध्या आपल्याकडे ढोरांपेक्षा कचराकुंडी आणि चिकनच्या दुकानामागचा ढीग हे काम करतो.

भांडणाबद्दल एवढंच म्हणेन की दोन्ही गटांनी गोव्याकडे बघावं. तिथे सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी 2014 च्या आसपास काम सुरू केलं, जाळी घेऊन गल्लीगल्लीत जायचं, कुत्रा पकडायचा, लस द्यायची, अंगावर रंगाची खूण करायची, मोबाइलवर नोंद आणि तिथेच सोडून द्यायचा. वर्षाला सुमारे 95 हजार कुत्रे. शिवाय शाळांमध्ये मुलांना शिकवणं, आणि संशयित कुत्र्याची खबर आली की माणूस पाठवणं. कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी उतरला, 2017 नंतर काही वर्षं माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही आणि 2021 ला तिथल्या सरकारने राज्य रेबीजमुक्त जाहीर केलं. दहापैकी सात कुत्र्यांना लस असली की साखळी तुटते, हे गणित आहे. सगळी उचलली तर जागा रिकामी होते आणि शेजारची, लस न दिलेली आत येतात. हात लावू नका म्हटलं तर लस कोण देणार? ज्यांना कुत्री आवडतात त्यांच्या हाताला ती येतात, त्यांनीच धरून द्यावीत, वर्षातून एकदा, आणि बाकीच्यांनी लसीचे पैसे काढावेत. नसबंदी पालिकेच्या मागे लागून करून घ्या.

प्रश्न : तिसरा डोस गावी गेल्यामुळे पाच दिवस चुकला. पहिल्यापासून सुरू करायचं का? (डोंबिवली)

नाही. आज जाऊन तिसरा घ्या, पुढचा त्यानंतर तेवढ्याच अंतराने. कार्ड जपून ठेवा, फोटोही काढून ठेवा, कारण सगळे डोस पूर्ण झालेल्या माणसाला पुन्हा कधी कुत्रा चावला तर 0 आणि 3 असे दोनच डोस लागतात आणि सीरम लागत नाही. जखम मात्र तेव्हाही 15 मिनिटं धुवायचीच.