भिडेखातर रोम

प्रश्न : माझी जवळची मैत्रीण येत्या महिन्यात शनिवार-रविवार धरून रोमला जाऊ या म्हणते आहे. शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री परतीचं विमान. शनिवारी कोलोसियम, रविवारी व्हॅटिकनची संग्रहालयं. माझ्या वाट्याचा खर्च माझ्या अडीच महिन्यांच्या बचतीएवढा आहे. पगाराचा पाचवा हिस्सा दरमहा शिल्लक पडतो, बाकी सगळा खर्च आणि शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यात जातो. आपत्कालीन निधी तीन महिन्यांच्या खर्चाइतका आहे. प्रवासासाठी एक वर्षाचं कर्ज 12 टक्के फ्लॅट दराने मिळतंय. मैत्रीण म्हणते, कर्ज कशाला, मी भरते, तू सावकाश दे. रजेची मला अडचण नाही, तिला आहे. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. खर्च आहे, कर्ज आहे, मैत्रिणीची रजा आहे, पण ‘मला रोम बघायचंय’ असं वाक्य कुठे सापडलं नाही. ते लिहायचं राहून गेलं असेल तर पुढचं वाचा. मनातच नसेल, तर हा भिडेचा खर्च आहे आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही.

तुम्ही खर्चाची जी फोड पाठवलीत तीच मला बोलकी वाटली. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा आणि विमानतळाची ये-जा मिळून एकूण रकमेच्या चार पंचमांश जातात. तुम्ही दोन दिवस राहा की चार, हा भाग जागचा हलत नाही. राहणं-खाणं-फिरणं उरलेल्या एका हिश्शात बसतं. आता तास मोजा. शनिवारी सकाळी उतरून, बाहेर पडून, गावात पोचेपर्यंत अकरा वाजतील. फ्युमिचिनो विमानतळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटर लांब आहे. रविवारी संध्याकाळी सहाला परत निघायचं. मधली झोप वजा केली की हातात राहतात साधारण 23 तास. आणखी दोन दिवस थांबलात तर खर्च पाचव्या हिश्शाने वाढेल, जागेपणीचे तास मात्र दुपटीच्याही वर जातील. परदेशातला शनिवार-रविवार स्वस्त वाटतो तो दिवस थोडे म्हणून. तासाच्या हिशेबाने तोच सगळ्यात महाग.

त्यात व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात! महिन्यातला शेवटचा रविवार तेवढा अपवाद. त्या दिवशी दुपारपर्यंत प्रवेश मोफत असतो, त्यामुळे रांग किती लांब असेल ते सांगायला नको. म्हणजे एवढा खर्च करून तुमच्या बेतातला अर्धा भाग दाराबाहेरूनच बघायचा. मैत्रिणीने तारखा ठरवताना हे पाहिलेलं दिसत नाही.

आता पैसे कुठून आणायचे. कर्ज नको. फ्लॅट दरात व्याज वर्षभर पूर्ण मुद्दलावर लागतं, तुम्ही मात्र दर महिन्याला मुद्दल फेडत असता. घटत्या शिल्लकेवर मांडलं तर हे 12 टक्के साडेएकवीसच्या आसपास जातात. शिवाय एक हप्ता आधीच चालू आहे. आपत्कालीन निधीला हात लावलात तर तो अडीच महिन्यांच्याही खाली येतो. फेडायचं कर्ज डोक्यावर असताना तीन महिनेच मला कमी वाटतात, त्यामुळे तोही रस्ता बंद.

राहिली मैत्रिणीची उसनवारी. तिच्यावर व्याज नाही, म्हणून ती सगळ्यात सोपी वाटते. मी एकदा असाच एका मित्राच्या पैशांनी फिरून आलो होतो. चार महिने तो भेटला की मी आधी खिसा चाचपायचो, आणि त्याने नवीन बूट घेतले तरी मला वाटायचं, मला ऐकवतोय. बिचाऱ्याच्या मनातही नव्हतं. पैसे फिटले, मिंधेपणा जरा उशिरा फिटला. तेव्हा मैत्रीण कितीही मनापासून म्हणत असली तरी नको म्हणा.

म्हणजे या तारखांना माझं उत्तर नाही. सहा महिन्यांनंतर, चार दिवसांसाठी, हो. चार दिवसांचा खर्च तीन महिन्यांच्या बचतीएवढा होईल. दरमहाच्या बचतीतला अर्धा भाग आवर्ती ठेवीत टाकलात तर सहा महिन्यांत तेवढी रक्कम उभी राहते आणि उरलेला अर्धा आपत्कालीन निधीत जातो. हे पैसे शेअर बाजारात अजिबात नकोत. युरो महागला तर हाताशी असावी म्हणून थोडी रक्कम वर धरा. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्जही प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, म्हणजे घाई काहीच नाही. त्यासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पण त्या सक्तीच्या विम्यात मैत्रीण ऐनवेळी आली नाही तर खोलीचं अर्धं भाडं मिळत नाही. म्हणून खोली विनाशुल्क रद्द होणारीच घ्या, दोन-चार युरो जास्त पडले तरी.

तिथे कार्ड वापरताना मशीन विचारेल, रक्कम तुमच्या चलनात वळती करू की युरोत ठेवू? युरोच निवडा. तुमच्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर बहुधा महाग असतो. आणि क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढू नका, त्याचं व्याज सहसा पहिल्या दिवसापासून चढतं.

मैत्रिणीला खर्चाचं कारण सांगायला संकोच वाटत असेल तर व्हॅटिकनपासून सुरुवात करा. रविवारी बंद आहे म्हटल्यावर तारखांचा विषय आपोआप निघेल, आणि सहा महिन्यांनी जोडून सुट्टी कधी येते हे तिलाच शोधू द्या. तोवर व्हिसाचं शुल्क भरू नका. अर्ज नामंजूर झाला किंवा बेत फिसकटला तरी ते 90 युरो परत मिळत नाहीत.