आजोबांना टीबी, मग धडधाकट नातीला गोळ्या कशाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. सासऱ्यांना मागच्या महिन्यात फुप्फुसाचा टीबी निघाला, सरकारी गोळ्या चालू आहेत, खोकला बराच कमी झालाय. पण घरात त्यांचं ताट-तांब्या वेगळं केलंय, एकटेच ओसरीवर जेवतात, वाईट वाटतं बघून. आता आशाताई म्हणतात की माझ्या चार वर्षांच्या मुलीलाही सहा महिने गोळी द्यायची. तिला ना ताप ना खोकला, बीसीजीची लसही झालीय. मिस्टर नको म्हणतात. काय करू? – एक वाचक, अक्कलकोट

उत्तर: ताई, आधी ताट-तांब्याचं बोलते. ते आजच्या आज परत एकत्र करा. टीबी हवेतून पसरतो, रुग्ण खोकला, बोलला की जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ताटातून, कपड्यातून, हात लावल्याने तो होत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, बाबांनी खोकताना तोंडावर रुमाल धरावा, आणि गोळी एक दिवसही चुकू नये. औषध लागू पडलं की साधारण दोनेक आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका खूप कमी होतो.

हे आपल्याच देशात तपासून झालंय, तेही 1956 साली सुरू केलेल्या अभ्यासात! तेव्हा समज असा की टीबीच्या माणसाला सॅनेटोरियममध्येच, म्हणजे टीबीच्या वेगळ्या रुग्णालयातच, ठेवायला पाहिजे. मद्रासच्या संशोधकांनी शहरातल्या गरीब वस्तीतले 193 रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, निम्मे सॅनेटोरियममध्ये आणि निम्मे स्वतःच्या घरी, दाटीवाटीच्या खोल्यांत, औषध दोघांना तेच. वर्षभराने बघितलं तर घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि पुढे पाच वर्षं दोन्ही गटांच्या कुटुंबांवर लक्ष ठेवलं तरी घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबांत जास्त टीबी निघाला नाही. कारण लागण व्हायची ती बहुतेक निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते, म्हणजे ते जे महिनोन् महिने "साधा खोकला आहे" म्हणून काढतात ना, त्या काळात.

आणि म्हणूनच मुलीची गोळी! बाबा खोकत होते तेव्हा ती त्यांच्या मांडीवर असणार. जंतू तिच्या अंगात जाऊन गप्प बसलेले असू शकतात, बाहेरून काही दिसत नाही. मोठ्या माणसात अशा 100 जणांपैकी 5 ते 10 जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांत हे प्रमाण कितीतरी जास्त, आणि झाला तर मेंदूपर्यंत जायची भीती. बीसीजी त्या गंभीर प्रकारापासून लहान मुलांना बऱ्यापैकी वाचवते, पण पूर्ण नाही. मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीवर तर तिचा भरवसा धरताच येत नाही, तमिळनाडूत चिंगलपेटला 1968 पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर केलेल्या चाचणीत हेच दिसलं. म्हणून मिस्टरांना सांगा, आधी मुलीला डॉक्टरांकडून तपासून घ्या, वजन बघा, तिला टीबी झालेला नाही एवढी खात्री झाली की गोळी सुरू करा. बाबांचा टीबी नेहमीच्या औषधांना दाद देणारा आहे ना हे मात्र विचारा, कारण दाद न देणारा असेल तर प्रतिबंधाचं औषध बदलतं. आणि फक्त मुलगीच नाही, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, तुम्हीसुद्धा.

प्रश्न: तीन आठवडे खोकला आहे. खाजगी लॅबमध्ये रक्ताची टीबी गोल्ड टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली. मला टीबी झाला का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: दादा, त्या रिपोर्टवरून हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण. जंतू कधीतरी अंगात शिरलेत एवढंच ती टेस्ट सांगते, आजार आहे की ते नुसते झोपलेत हे तिला कळत नाही, आणि आपल्याकडे असे कोट्यवधी लोक आहेत. रक्तातल्या अँटीबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या ज्या वेगळ्या टेस्ट पूर्वी सर्रास चालायच्या त्यांच्यावर तर सरकारने 2012 मध्ये बंदीच घातली, निरोगी माणसाला टीबी म्हणायच्या आणि टीबीवाल्याला सोडून द्यायच्या.

तुम्हाला पाहिजे ती बेडक्याची तपासणी आणि छातीचा एक्सरे. बेडका म्हणजे तोंडातली लाळ नव्हे, सकाळी उठल्यावर खोल श्वास घेऊन खोकून छातीतून काढलेला, आणि तो उघड्यावर जाऊन काढायचा, घरात नाही. सरकारी केंद्रात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर तो फुकट तपासतात. ट्रूनॅट हे गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं छोटं मशीन, एसी लॅब लागत नाही म्हणून गावच्या आरोग्य केंद्रातही चालतं, 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. जंतू आहे का हे तर कळतंच, वर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का तेही त्याच दिवशी कळू शकतं. उद्याच जा, आणि तोवर स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

प्रश्न: टीबीच्या माणसाला काय खायला द्यावं? – अक्कलकोटच्याच ताई

उत्तर: बरं झालं विचारलंत, हे सगळ्यात कमी बोललं जातं. झारखंडमध्ये 2019 ते 2022 डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास केला. 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसं. रुग्णांना सगळ्यांनाच धान्य दिलं, पण निम्म्या रुग्णांच्या घरच्यांनाही दिलं, माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. त्या घरांत नवीन टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला! डाळ-तांदळाने, लस नाही काही नाही. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत 5 टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्के कमी दिसला.

तेव्हा महागडी प्रोटीन पावडर आणू नका. डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडी, दूध, ज्वारीची भाकरी, चालत असेल तर मासे-मटण, आणि पोटभर. पथ्य म्हणून भात बंद, केळी बंद असलं काही करू नका, तुटवडा असतो तो खाण्याचाच. बाबांचं वजन दर महिन्याला करून वहीत लिहा, वाढत नसेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला महिन्याला 1,000 रुपये मिळतात, 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 500 चे 1,000 झालेत, बाबांचं बँक खातं जोडलंय का ते आशाताईंना विचारा. आणि घरात सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं कोण खातं? बहुतेक तुम्हीच. डाळीची वाटी तुमच्याही ताटात भरलेली पाहिजे, त्या घरात श्वास तुम्हीही घेताय.