ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासाठी आज लिहिल्या जाणाऱ्या रचना गिटारवर वाजवता येतील का?

हो, रचना सहा जोडतारांच्या (एकत्र छेडायच्या तारांच्या जोड्यांच्या) रेनेसाँ ल्यूटसाठी असेल तर नक्की येतील. क्लासिकल गिटारची तिसरी तार जी स्वरावरून एफ शार्पवर उतरवा आणि तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. मोकळ्या तारा जाडीकडून जी, सी, एफ, ए, डी, जी अशा बोलतील. ल्यूटची नेहमीची जुळणी हीच. मग फ्रेंच टॅब्लेचर, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते अक्षरांनी दाखवणारी लिपी, थेट वाचा, फ्रेट मात्र कॅपोपासून मोजा: ए हे अक्षर म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला फ्रेट. ल्यूटला सहाहून जास्त जोड्या असतील, तर सातव्या जोडीपासूनचे खर्ज स्वर एक सप्तक वर घ्यावे लागतात. जोडीतली एकच तार छेडायला सांगितली असेल, तर तो नाद गिटारवर निघतच नाही. तेरा जोडतारांच्या बरोक ल्यूटची जुळणी वेगळी, डी मायनर स्वरसंघातली, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही.