जप करूनही मन शांत का होत नाही?

"मॅडम, हरिपाठ चुकत नाही, जप चुकत नाही, तरी मन शांत होत नाही. माझी भक्ती कुठे कमी पडतेय?" धंदा सांभाळणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न मी सारखा ऐकते. त्यातल्याच एका गृहस्थांची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून.

भोसरी एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी. तीन आठवडे झोप उडालेली. ध्यानाची एखादी पद्धत शिकवा म्हणाले. मी विचारलं, "झोप कधीपासून गेली?" बराच वेळ ते माळेचा एकच मणी बोटांत फिरवत बसले. मग म्हणाले, "लॉट पाठवला त्या दिवसापासून."

गाडीत बसणाऱ्या पिना होत्या. हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवून कडक करण्याची प्रक्रिया, नीट झाली नव्हती. हार्डनेस, म्हणजे कडकपणाचा आकडा, ५८ च्या वर हवा, आला ५३. अशी पिन लवकर झिजते. पण गिऱ्हाइकाची लाइन थांबली असती, म्हणून सर्टिफिकेटवर ५९ लिहून माल गेला.

मी कागद पुढे केला. "दोन्ही आकडे लिहा." ५९ झरकन उमटला. ५३ लिहिताना हात अडला.

मला वाटतं, त्यांचा जप वाया गेलाच नव्हता. त्यानेच ती टोचणी जागी ठेवली होती. तिला झोपवणारं ध्यान शिकवायला माझं मन धजेना.

"तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. मला नाही जमायचं. तीस घरं आहेत माझ्यावर." ही काळजी खरी होती. मी म्हटलं, "तुकोबांनी भाऊ कान्होबाचा अर्धा वाटा आधी त्याच्या हाती दिला, असं सांगतात. बुडवला तो फक्त स्वतःचा. या ५९ मध्ये कोणाचा वाटा बुडतोय?"

"गाडी चालवणाऱ्याचा," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्यांना स्वतः फोन केला. लॉट परत आला, पैसे कापल्याची डेबिट नोट आली, नवी ऑर्डर थांबली. पहिला आठवडा झोप आणखीच बिघडली. तसं होईल, हे मी आधीच सांगितलं होतं. आता टोचणी नव्हती, भीती होती, आणि भीतीचा हिशेब मांडता येतो. पुढच्या भेटीत आम्ही तेच केलं: तीन महिन्यांचे पगार, बँकेचा हप्ता, कोणाकडून किती येणं.

दोन महिने पगार दहा दिवस उशिरा झाले. का, ते त्यांनी कामगारांना समोर बसवून सांगितलं.